चोरी कोणाची? इंटरनेटवरील गाण्यांची देवाणघेवाण, संगीत-उद्योगाचा प्रतिसाद आणि मराठवाड्यातील श्रोता : एक चिकित्सा

प्रास्ताविक

जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्याच्या उत्तर भागात, अजिंठ्याच्या डोंगररांगेजवळ धावडा हे गाव आहे. संगीत-उद्योगाच्या चर्चेत या गावाचे नाव येण्याचे वरवर पाहता काहीच कारण नाही. ध्वनिमुद्रण कंपन्यांची कार्यालये मुंबई, कोलकाता, दिल्ली येथे. त्यांचे खटले उच्च न्यायालयांत. त्यांच्या परिषदा पंचतारांकित हॉटेलांत. तथापि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दीड दशकात धावड्यासारख्या गावांतून गाणे ज्या वाटेने फिरले, ती वाट लक्षात घेतल्याशिवाय उद्योगाने इंटरनेटवरील फाईल-देवाणघेवाणीला दिलेल्या प्रतिसादाचे मूल्यमापन पुरे होत नाही. या विषयावरील बहुतेक लेखन अमेरिकेतील खटल्यांपासून सुरू होते आणि तेथेच संपते. प्रस्तुत लेखात या प्रतिसादाची चिकित्सा मराठवाड्यातील श्रोता आणि मराठवाड्यात गाणारा कलावंत यांच्या बाजूने केली आहे.

लेखाचे प्रतिपादन असे की, उद्योगाने हा लढा कलावंताच्या नावाने दिला. परंतु ज्या हक्काचे रक्षण केले तो प्रामुख्याने कंपनीचा हक्क होता. फुकट प्रतीमुळे कलावंताचे जे नुकसान खरोखर झाले, म्हणजे गाण्यावरून त्याचे नाव पुसले जाणे, त्याची दखल या लढ्यात घेतली गेली नाही. कायद्यात त्यासाठी स्पष्ट तरतुदी असूनही ती घेतली गेली नाही, म्हणून हा केवळ नजरचुकीचा भाग मानता येत नाही.

पाश्चात्त्य प्रतिसाद : थोडक्यात

१९९९ मध्ये नॅपस्टर ही सेवा सुरू झाली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकन ध्वनिमुद्रण उद्योगाने तिच्यावर खटला भरला. २००१ मध्ये अपील न्यायालयाचा निर्णय कंपन्यांच्या बाजूने लागला व सेवा बंद पडली. मात्र देवाणघेवाण बंद पडली नाही. ती मध्यवर्ती यादी नसलेल्या इतर प्रणालींकडे वळली. सप्टेंबर २००३ पासून उद्योगाने थेट श्रोत्यांवर दावे दाखल करण्यास आरंभ केला. पहिल्या फेरीत २६१ व्यक्ती होत्या. २००८ च्या अखेरीस हे धोरण सोडून देईपर्यंत ही संख्या हजारोंच्या घरात गेली. मिनेसोटा राज्यातील एका महिलेस २४ गाण्यांसाठी २००७ मध्ये २ लाख २२ हजार डॉलर आणि फेरसुनावणीत, २००९ मध्ये, १९ लाख २० हजार डॉलर भरपाई ठोठावण्यात आली. २४ गाण्यांची ही किंमत पाहिली की कायदा आणि सर्वसामान्य न्यायबुद्धी यांच्यातील अंतर निराळे सांगावे लागत नाही. दरम्यान सोनी-बीएमजी या कंपनीने २००५ मध्ये सीडीमधून ग्राहकाच्या संगणकात गुप्तपणे प्रणाली घुसवली. त्याचा फटका ज्यांनी सीडी पैसे देऊन विकत घेतली त्यांनाच बसला. फुकट प्रत मिळवणारे त्यातून सुटले!

फाईल-देवाणघेवाणीमुळे विक्री नेमकी किती घटली याविषयी अर्थशास्त्रज्ञांत एकमत नाही. ओबरहोल्झर-गी आणि स्ट्रम्फ यांनी २००७ च्या आपल्या निबंधात हा परिणाम शून्यापासून वेगळा दाखवता येत नाही असा निष्कर्ष काढला. लीबोविट्झ यांनी तो जोरदारपणे खोडून काढण्याचा प्रयत्न केला. जो कॅरॅगॅनिस यांनी संपादित केलेल्या, विकसनशील देशांतील पायरसीवरील २०११ च्या अहवालात भारतावर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि पायरसी हा मुळात किमतीचा प्रश्न आहे असा त्या अहवालाचा रोख आहे. हा रोख योग्य असला तरी मराठवाड्याच्या संदर्भात तो अर्धाच पुरतो. त्यासाठी कॅसेटच्या काळापर्यंत मागे जावे लागते.

कॅसेट : तक्रारदाराचा पूर्वेतिहास

भारतात १९७० च्या दशकापर्यंत ध्वनिमुद्रणावर ग्रामोफोन कंपनीची, म्हणजे बोलीभाषेत 'एचएमव्ही'ची, जवळजवळ मक्तेदारी होती. ती कॅसेटने मोडली. पीटर मॅन्युएल यांचा 'कॅसेट कल्चर' हा १९९३ चा ग्रंथ या परिवर्तनाचा आजही सर्वांत विश्वसनीय अभ्यास मानावा लागतो. टी-सिरीज या कंपनीच्या उदयात जुन्या लोकप्रिय गाण्यांच्या नव्या आवाजातील आवृत्त्यांचा वाटा मोठा होता, आणि कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम ५२(१)(जे) ने ठराविक काळानंतर अशा आवृत्त्यांना दिलेली मुभा तिच्या पथ्यावर पडली. मूळ कंपनीच्या दृष्टीने ही वरवंटा फिरवण्याचीच तऱ्हा होती. नव्या कंपनीच्या दृष्टीने तो कायदेशीर व्यवसाय होता. पुढे इंटरनेटच्या काळात हीच कंपनी हक्कभंगाविरुद्धच्या दाव्यांत देशात सर्वाधिक आग्रही ठरली. यात नैतिक विसंगती शोधणे सोपे आहे, पण ते फारसे उपयोगाचे नाही. लक्षात घ्यायचे ते एवढेच की, 'चोर' आणि 'मालक' या भूमिका या उद्योगात जन्मजात नसतात. बाजारातील स्थान बदलले की त्या बदलतात.

मराठीपुरते बोलायचे तर कॅसेटने भावगीतांच्या पलीकडचे गाणे बाजारात आणले. आंबेडकरी जलशाची परंपरा, भीमगीते, कव्वालीच्या धर्तीवरील सामने, भक्तिगीते, लोकगीते यांना आकाशवाणीवर आणि तबकड्यांवर जी जागा मिळाली नव्हती ती कॅसेटवर मिळाली. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांची गीते आणि प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) यांचा आवाज मराठवाड्याच्या वस्त्यावस्त्यांत पोहोचला तो सभा-जलशांइतकाच या फितींमधून. आनंद शिंदे, मिलिंद शिंदे यांच्या पिढीला तर कॅसेटनेच घडवले.

परंतु या व्यवहारात कलावंताला मिळे ते प्रायः एकरकमी मानधन. विक्री लाखांत गेली तरी गायकाला वा कवीला पुढचा वाटा नसे. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीच्या प्रकरणात दिलेल्या निर्णयामुळे, चित्रपटासाठी मोबदला घेऊन लिहिलेल्या व संगीत दिलेल्या गाण्याचा पहिला मालक, विरुद्ध करार नसेल तर, निर्माता ठरला. चित्रपटाबाहेरच्या गाण्यात कायद्याची स्थिती वेगळी असली तरी एका कागदावर सही घेऊन सर्व हक्क लिहून घेण्याची रीत तीच. हस्तांतराचा अर्थ न कळता केलेल्या सहीचे मोल काय, हा प्रश्न कोणत्याही कंपनीने चाचेगिरीच्या चर्चेत उपस्थित केल्याचे दिसत नाही.

कॅसेटच्या बनावट प्रतींना आळा घालण्यासाठी १९८४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. कलम ६३ खाली किमान सहा महिने ते कमाल तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आला. त्याच दुरुस्तीने कलम ५२अ घातले गेले व प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या वेष्टनावर काय छापले पाहिजे हे ठरवून दिले : मुद्रण करणाऱ्याचे नाव व पत्ता, हक्कधारकाचे नाव व पत्ता, आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष. या यादीत गायकाचे नाव नाही. कवीचेही नाही. चाचेगिरीविरोधी पहिल्या मोठ्या कायद्याने कोणाचे नाव जपण्यायोग्य मानले, हे येथे स्वच्छ दिसते.

मेमरी कार्ड : धावड्याची वाट

'ऑनलाईन' हा शब्दच धावड्याच्या संदर्भात फसवा आहे. २००५ नंतर रंगीत पडद्याचे, मोठ्या आवाजाचे, मेमरी कार्ड बसणारे स्वस्त मोबाईल संच ग्रामीण भागात आले, तेव्हा तेथे घरोघरी संगणक नव्हते आणि वेगवान इंटरनेटही नव्हते. गाणे मिळे ते मोबाईल दुरुस्तीच्या टपरीवर. दुकानदाराच्या संगणकात गाण्यांचे ढीग साठवलेले असत. ग्राहक आपली 'चिप' काढून देई आणि दहा-वीस, फार तर पन्नास रुपयांत ती 'भरून' घेई. भक्तिगीते, भीमगीते, चित्रपटगीते, लग्नातली गाणी, डीजे असे कप्पे केलेले असत. शेंदोनशे गाणी एकदम येत. त्यांतली निम्मी ग्राहकाने मागितलेलीही नसत. तेथून पुढे ब्लूटूथने एका संचातून दुसऱ्या संचात गाणे फुकट जाई. पारावर, एसटीच्या थांब्यावर, कापूस वेचणीच्या वेळी शेताच्या बांधावर दोन मोबाईल शेजारी धरून बसलेली मुले हे त्या काळचे परिचित दृश्य होते.

या साखळीत इंटरनेटचा दुवा एकच, आणि तोही सुरुवातीला : तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या गावी कोणीतरी एकदा उतरवून घेतलेली फाईल. त्यानंतरचे सर्व अभिसरण हातोहात होते. उद्योगाच्या प्रतिसादाचे मोजमाप याच ठिकाणी करून पाहता येते. २०१२ च्या आरंभी, संगीत-उद्योगाच्या वतीने चाललेल्या प्रकरणात, कलकत्ता उच्च न्यायालयाच्या आदेशाने १०४ संकेतस्थळे रोखण्यात आली. उद्योगाने हा मोठा विजय मानला. धावड्याच्या टपरीवर त्याचा परिणाम काय होणार होता? दुकानदाराच्या हार्ड डिस्कमध्ये जे होते ते होतेच. नवे गाणे दुसऱ्या दुकानदाराच्या पेन ड्राइव्हमधून येण्यास कोणत्याही न्यायालयाचा अडसर नव्हता. पुढे २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने चित्रपट कंपन्यांच्या दाव्यात प्रतिरूप संकेतस्थळेही रोखता येतील असा 'गतिमान' मनाई हुकूम दिला. त्याचा आवाका मोठा आहे, परंतु तोवर मेमरी कार्डाचा जमानाच ओसरत आला होता.

महाराष्ट्र शासनाचा प्रतिसाद अधिक कठोर होता. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, अमली पदार्थांचे गुन्हेगार आणि धोकादायक व्यक्ती यांना स्थानबद्ध करण्यासाठी १९८१ चा जो कायदा आहे, ज्यास सर्वत्र 'एमपीडीए' म्हणतात, त्यात २००९ च्या दुरुस्तीने 'व्हिडिओ पायरेट' ही वर्गवारी घालण्यात आली. तिच्या व्याख्येत चित्रपटाबरोबरच त्या चित्रपटाच्या ध्वनिपट्टीचा कोणताही भाग असलेली ध्वनिमुद्रिकाही येते. म्हणजे तत्त्वतः, चित्रपटातील गाणी चिपमध्ये भरून देणारा टपरीवाला आणि झोपडपट्टीदादा हे एकाच कायद्याच्या एकाच रांगेत उभे राहिले. खटल्याविना बारा महिन्यांपर्यंत स्थानबद्धतेची तरतूद दोघांनाही सारखीच लागू झाली. मोठ्या प्रमाणावर बनावट सीडी छापणाऱ्या टोळ्या डोळ्यांसमोर ठेवून ही दुरुस्ती झाली, हे मान्य केले तरी व्याख्या टोळी आणि टपरी यांत फरक करीत नाही. गुन्ह्याचे प्रमाण आणि शिक्षेची शक्यता यांचा असा मेळ घालणे हे कायदा करणाऱ्यांच्या दृष्टीने सोयीचे असेल. न्यायाच्या दृष्टीने ते समर्थनीय नाही. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२२ रोजी निट प्रो प्रकरणात कलम ६३ खालील गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र ठरवल्यानंतर तर हा प्रश्न अधिकच तीव्र झाला आहे.

एका प्रयत्नाची मात्र प्रामाणिकपणे नोंद घ्यावयास हवी. २०१० च्या सुमारास 'इंडियन म्युझिक इंडस्ट्री' या संघटनेने मोबाईल दुकानदारांना शुल्क आकारून गाणी भरण्याचा परवाना देण्याची 'एमएमएक्स' नावाची योजना आणली. टपरीवाल्यास चोर ठरवण्याऐवजी वितरक मानणारी ही कल्पना उद्योगाच्या संपूर्ण प्रतिसादात सर्वांत शहाणपणाची होती. कारण टपरीवाला काय करीत होता हे तिने ओळखले. तो गाणी निवडत होता, जुळवत होता, गिऱ्हाइकाची आवड लक्षात ठेवत होता; जुन्या कॅसेट-दुकानदाराचेच काम नव्या साधनाने करीत होता. परंतु परवान्यातही हिशेब दुकानागणिक होता, गाण्यागणिक नव्हे. कोणाचे गाणे किती वेळा भरले गेले याची नोंद नसेल तर त्यातून जमलेला पैसा भीमगीत गाणाऱ्या गायन पार्टीपर्यंत कोणत्या मार्गाने जाणार, याचे उत्तर त्या रचनेतच नव्हते.

याच काळात उद्योगाला खरे उत्पन्न मिळत होते ते कॉलर ट्यूनमधून. दरमहा ठराविक रक्कम शिलकीतून आपोआप वजा होई. दुसऱ्याला फोन लावल्यावर ऐकू आलेली धून आवडली तर 'स्टार नऊ' दाबून ती आपल्या क्रमांकावर उतरवून घेता येई. दोन मोबाईल शेजारी धरून गाणे घेतले तर ती चोरी. 'स्टार नऊ' दाबून घेतले तर तो व्यवसाय! कृती एकच आहे, फरक वसुलीचा आहे. ग्राहकाच्या नकळत सेवा सुरू झाल्याच्या तक्रारी वाढल्या आणि २०१३ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने दुहेरी संमती सक्तीची केली, तेव्हा या वसुलीला ओहोटी लागली. श्रोत्याच्या खिशातून न विचारता जाणाऱ्या रुपयांची चर्चा 'चोरी' या शब्दात कोणी केली नाही.

परवान्याची किंमत : 'धिंगाणा' आणि इतर

उद्योगाने कायदेशीर पर्याय दिले नाहीत असे म्हणता येणार नाही. फ्लिपकार्टच्या 'फ्लाईट' या दुकानात २०१२ पासून सुटी गाणी काही रुपयांना मिळत होती. जून २०१३ मध्ये ते बंद झाले. डिसेंबर २०१२ मध्ये आयट्यून्सचे दुकान भारतात आले. धावड्याच्या श्रोत्याला या दुकानांची अडचण किमतीपेक्षा देय पद्धतीची होती. दहा रुपयांचे गाणे घेण्यासाठी बँकेचे कार्ड हवे. टपरीवर दहाची नोट चालते. किमतीच्या सिद्धांतात ही गोष्ट सुटून जाते.

या संदर्भात सर्वांत बोलके उदाहरण मराठी नावाच्या एका सेवेचे आहे. शिंदे बंधूंनी २००७ मध्ये सुरू केलेली, पुणे आणि कॅलिफोर्निया येथून चालणारी 'धिंगाणा' ही सेवा भारतीय भाषांतील गाणी जाहिरातींच्या आधारे विनामूल्य व परवाना घेऊन ऐकवीत असे. हिंदीखेरीज मराठीसह अनेक प्रादेशिक भाषा तिच्यावर होत्या. अमेरिकेतील मराठी कुटुंबांनाही अशा सेवांचा मोठा आधार होता. तेथे मराठी सीडी मिळणे पूर्वीपासूनच दुरापास्त. फेब्रुवारी २०१४ मध्ये ही सेवा एकाएकी बंद पडली. टी-सिरीजने परवान्याचे नूतनीकरण न केल्याचे कारण त्या वेळच्या वृत्तांतून पुढे आले. पुढील महिन्यात रडिओ या अमेरिकन कंपनीने ती विकत घेतली, आणि २०१५ मध्ये रडिओच दिवाळखोरीत गेली. फाईल-देवाणघेवाणीला श्रोत्यांनी पसंती द्यावी असे उद्योगाला वाटत नव्हते, हे खरे. पण जी सेवा श्रोत्याला तिच्यापासून दूर नेत होती तिच्याशीही त्याला जमवून घेता आले नाही. उद्योगाच्या बाजूने असे म्हणता येईल की, परतावा पुरेसा नसेल तर परवाना नाकारणे हा मालकाचा हक्क आहे. मुंबई उच्च न्यायालयाने टिप्स विरुद्ध विंक या प्रकरणात एप्रिल २०१९ मध्ये नेमका हाच हक्क मान्य केला. नभोवाणीसाठी असलेल्या कलम ३१ड खालील वैधानिक परवान्याचा लाभ इंटरनेट सेवांना नाकारला, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये खंडपीठाने तो निर्णय कायम केला. कायदेशीरदृष्ट्या निर्णय तर्कसंगत आहे. परंतु नकाराचा हक्क बळकट करणे आणि श्रोत्याला कायदेशीर वाटेवर आणणे या दोन गोष्टी एकाच वेळी साधत नाहीत, हे 'धिंगाणा'ने दाखवून दिले होते.

छोट्या मराठी कंपन्यांची बाजू येथे वेगळी काढणे आवश्यक आहे. टी-सिरीजचे जे नुकसान तेच पुण्या-मुंबईतील लहान प्रकाशकाचे, असे समीकरण मांडणे अन्यायाचे होईल. भावगीतांचा वा शास्त्रीय गायनाचा संच काढणाऱ्या प्रकाशकाची बाजारपेठ काही हजार प्रतींची. त्यातल्या हजार गेल्या तरी पुढचा संच निघत नाही. मुंबईतील काळा घोडा येथील 'ऱ्हिदम हाऊस' फेब्रुवारी २०१६ च्या अखेरीस बंद झाले तेव्हा हळहळ व्यक्त झाली. जिल्ह्याच्या गावची कॅसेट-सीडीची दुकाने त्याच्या कितीतरी आधी मोबाईलची दुकाने झाली होती. या लहान प्रकाशकांचा खरा तोटा उद्योगाच्या मोठ्या आकड्यांत मिसळून टाकला गेला आणि त्यांच्यासाठी म्हणून काही उपाय सुचवला गेला नाही.

अखेरीस देवाणघेवाण मागे पडली ती खटल्यांनी नव्हे. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली, डेटा स्वस्त झाला आणि गाणे साठवून ठेवण्याची गरजच संपली. चिप भरून देणाऱ्या टपऱ्या काही वर्षांत दुसऱ्या धंद्याला लागल्या. तरीही, जागतिक ध्वनिमुद्रण महासंघाच्या २०१८ च्या पाहणीत भारतातील इंटरनेट वापरणाऱ्या ७६ टक्के श्रोत्यांनी विनापरवाना मार्गाने संगीत मिळवल्याचे दिसले. जागतिक सरासरी ३८ टक्के होती. म्हणजे सवय गेली नव्हती, तिला निकड उरली नव्हती. पुढे गाना या सेवेने २०२२ मध्ये विनामूल्य ऐकवणे थांबवले आणि २०२४ मध्ये विंक बंद झाली.

नाममुद्रा

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. मराठी गाण्याच्या परंपरेत प्रत करण्यास मनाई कधीच नव्हती. अभंग एकाच्या वहीतून दुसऱ्याच्या वहीत उतरत गेले. कीर्तनकाराने ते परवानगीवाचून गायिले. शाहिराचा पोवाडा, वामनदादांचे गीत गावोगावच्या गायन पार्ट्यांनी उचलले. या परंपरेत बंधन होते ते वेगळ्याच ठिकाणी. अखेरच्या चरणात कवीचे नाव येते, आणि ते गाळून गाणे हा अपराध मानला जाई. नाममुद्रा हीच कवीची मालकी. प्रत जितकी फिरेल तितके नाव फिरेल, नाव फिरेल तितक्या सुपाऱ्या येतील, हे शाहिराचे अर्थशास्त्र होते. १४ एप्रिलच्या आसपासचा हंगाम, लग्नसराई आणि यात्रा यांवर जगणाऱ्या गायन पार्टीला कॅसेटच्या प्रतीमागे रुपया मिळाला नाही तरी वेष्टनावरील छायाचित्र आणि नाव यांमुळे पुढच्या गावचे बोलावणे मिळे. बनावट कॅसेटवरसुद्धा बहुधा तेच वेष्टन कसेबसे छापलेले असे.

मेमरी कार्डाने हे वेष्टन काढून टाकले. फाईलला नाव असे ते गाण्याच्या पहिल्या शब्दांचे, आणि गायकाच्या जागी ज्या संकेतस्थळावरून ती उतरवली त्याचे. त्यानंतर डीजे आले. जुन्या भीमगीतावर नवा ठेका चढवून, दर अर्ध्या मिनिटाला स्वतःचे नाव घोषणेसारखे घुसवून त्यांनी ते मिरवणुकीत वाजवले. मूळ कवी गेला, मूळ गायकही गेला. उरला तो डीजे. लोकगीत होणे हा कवीचा गौरव असतो असे एक मत आहे. मेलेल्या कवीबाबत ते ठीक आहे. हयात गायकाला त्याचेच गाणे लग्नाच्या वरातीत वाजत असताना कोणी ओळखत नाही, तेव्हा त्या गौरवाचे करायचे काय?

हे नुकसान कायद्याला अज्ञात होते असे नाही. १९५७ च्या कायद्यातच कलम ५७ ने लेखकाला, हक्क विकल्यानंतरही, कर्तृत्व सांगण्याचा हक्क दिला आहे. २०१२ ची दुरुस्ती त्याहून पुढे गेली. तिची चर्चा होते ती बहुधा गीतकार-संगीतकारांच्या स्वामित्वधनाच्या वाट्यामुळे. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत त्यासाठी केलेल्या आग्रहामुळे आणि कंपन्यांनी केलेल्या विरोधामुळे ते स्वाभाविकही आहे. पण त्याच दुरुस्तीत कलम ३८ब ने गायक-वादकाला आपले नाव लावले जाण्याचा नैतिक हक्क मिळाला, आणि कलम ६५ब ने ध्वनिमुद्रणासोबतची ओळख-माहिती जाणूनबुजून काढून टाकणे वा बदलणे हा दोन वर्षांपर्यंत कारावासाचा गुन्हा ठरला. या माहितीच्या व्याख्येत कर्त्याचे आणि सादरकर्त्याचे नाव स्पष्टपणे येते. धावड्याच्या चिपमध्ये जे घडत होते त्याचे याहून नेमके वर्णन कायद्याच्या भाषेत होणार नाही. तरीही उद्योगाच्या मोहिमांत, जाहिरातींत, न्यायालयीन मागण्यांत भर राहिला तो कलम ५१ आणि ६३ वर. म्हणजे प्रत थांबवण्यावर. नाव परत लावण्यावर नाही. प्रत थांबली तर पैसा कंपनीकडे वळण्याची आशा असते. नाव लागले तर लाभ कलावंताचा होतो.

२०१७ मध्ये आयपीआरएस ही संस्था स्वामित्वधन गोळा करण्यासाठी पुन्हा नोंदणीकृत झाली आणि गीतकार-संगीतकारांचा वाटा वाढू लागला, ही समाधानाची बाब आहे. परंतु सदस्यत्व, गाण्यागणिक नोंदणी आणि कर्तृत्वाचा कागदोपत्री पुरावा या तिच्या अटी आहेत. १९८० च्या दशकात वहीतून गाणे लिहून देणाऱ्या आणि पावती न मागणाऱ्या कवीच्या वारसांनी हा पुरावा कोठून आणावा?

आज मराठवाड्यातील गायक स्वतःची वाहिनी काढून युट्यूबवर गाणे टाकतो. गाव, पार्टी आणि भ्रमणध्वनी क्रमांक खाली लिहिलेला असतो. जुन्या वेष्टनाचेच हे नवे रूप, आणि बोलावणी त्यावरूनच येतात. परंतु युट्यूबची स्वयंचलित ओळख-प्रणाली ध्वनीची तुलना करते ती कंपन्यांनी जमा केलेल्या ध्वनिमुद्रणांशी. एकरकमी मानधनावर गायिलेले जुने गीत त्याच गायकाने आपल्या वाहिनीवर टाकले, तर दावा येतो कंपनीचा आणि जाहिरातीचे उत्पन्न जाते तिच्याकडे. करारानुसार ते बरोबरही असू शकते. अशा वेळी गायकाला हरकत घेण्याचा जो अर्ज भरावा लागतो, त्यात आपण हक्कधारक आहोत हे त्याने सांगायचे असते. हे गाणे आपण गायिले आहे, एवढेच सांगण्यासाठी त्या अर्जात रकाना नाही.